मॉलमध्ये गुपचूप राहण्याचा माझ्या मुलीचा बेत

उत्तरकसबा यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची असून इयत्ता चौथीत शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला तिच्या आत्याकडे गेलो होतो. तेव्हा आत्याने तिला तेथील एका मोठ्या मॉलमध्ये नेले. त्या दिवशी तिने काहीही मागितले नाही की हट्ट केला नाही, याचे आम्हाला कौतुकच वाटले. परंतु सोलापूरला परतल्यावर आठवडाभरात तिच्या गेल्या वर्षीच्या वहीच्या कोऱ्या पानांवर त्या मॉलचा नकाशा उमटू लागला, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेले सापडले, ‘कोणाला सांगायचे नाही’.

वही मी तिला न विचारता वाचली, हे आधीच कबूल करते. बेत असा आहे. रात्री मॉल बंद होण्याच्या वेळी दुसऱ्या मजल्यावरील प्रसाधनगृहात जाऊन कमोडवर पाय वर घेऊन बसायचे, म्हणजे दाराखालून कोणाला पाय दिसणार नाहीत. सगळे गेले की फर्निचरच्या दुकानात झोपायचे, मात्र रोज वेगळ्या पलंगावर, म्हणजे चादरीला सुरकुत्या कशा पडल्या असा संशय कोणाला येणार नाही. सकाळी पुस्तकांच्या दुकानात कपाटामागे बसून वाचायचे, दुपारी गर्दीत मिसळून ‘कोणाच्या तरी मागे-मागे’ चालायचे, म्हणजे ती एकटी आहे हे कळणार नाही. बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावरून रात्री उलट्या दिशेने चढून पाहायचे, हेही एक स्वतंत्र कलम आहे. खाण्याचा हिशेब शेवटच्या पानावर मांडलेला असून त्यावर ‘उधारी’ असे लिहिले आहे. नोकरी लागल्यावर ही सर्व रक्कम ती फेडणार आहे.

घरी आम्ही पाच जण आहोत: सासूबाई, आम्ही दोघे, मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ. जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक माळा एवढी आमची जागा आहे. सासूबाई हसतात, माझे यजमान म्हणतात की दुर्लक्ष करावे. परंतु माझी झोप उडाली आहे. संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेची गर्दी असेल आणि उन्हाळ्यात पुन्हा पुण्याला जाणे होईल, तेव्हा हिने खरोखरच असे काही केले तर? त्याहून मोठा प्रश्न असा की, नऊ वर्षांच्या मुलीला घर सोडून दुसरीकडे लपून राहावेसे वाटते, याचा अर्थ ती घरी दुःखी आहे असा घ्यावा काय? वही काढून घ्यावी की तिच्याशी बोलावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त बाई

आपला प्रश्न वाचून मला माझे अनेक विद्यार्थी आठवले. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे शिकवल्यानंतर मी एवढे निश्चित सांगू शकते की, साधारणतः सात-आठ वर्षांपासून अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलांना स्वतःची लपण्याची जागा हवी असते. भातुकलीचे वय संपत आलेले असते आणि खऱ्या जगात एकटे फिरण्याची परवानगी अद्याप मिळालेली नसते. या मधल्या काळात पलंगाखाली, जिन्याखाली, दोन साड्या बांधून केलेल्या तंबूत, झाडाच्या ढोलीत मुले आपले राज्य स्थापन करतात. डेव्हिड सोबेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात आणि कॅरिबियन समुद्रातील कॅरियाकू बेटावर मुलांच्या अशा जागांचा अभ्यास केला होता. दोन्ही ठिकाणचे हवामान, घरे आणि चालीरीती निराळ्या असूनही मुलांनी आपापल्या गुप्त जागा केलेल्याच होत्या. तेव्हा हा पुण्याच्या मॉलचा दोष नाही आणि आपल्या घराचाही नाही.

नकाशा, नियम आणि हिशेब यांसह कल्पिलेल्या सविस्तर जगाला मानसशास्त्रात ‘पॅराकोझम’ असा शब्द आहे. याचे गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील ब्राँटे भावंडांचे आहे. 1826 मध्ये वडिलांनी मुलासाठी लाकडी शिपायांचा संच आणला आणि सहा ते दहा वर्षांच्या त्या चार भावंडांनी त्या शिपायांभोवती एक आख्खे साम्राज्य उभे केले. त्याच्या कथा त्यांनी तळहाताहूनही लहान पुस्तिकांमध्ये इतक्या बारीक अक्षरांत लिहिल्या की मोठ्यांना त्या सहजासहजी वाचता येऊ नयेत. आपल्या कन्येने ‘कोणाला सांगायचे नाही’ असे लिहून वही मात्र घरातच ठेवली, हे मला बोलके वाटते. ज्याला खरोखर जायचे असते तो नकाशा मागे ठेवत नाही.

तरीही आपली काळजी मी मोडीत काढणार नाही. आपण पुढील गोष्टी पाहून सांगाव्यात: त्या मॉलमध्ये ती एकटीच राहते की तिच्यासोबत कोणी आहे? ती घरी परत केव्हा येते? आणि तिला तिथे नेमके काय आवडले, याविषयी वहीत काही लिहिले आहे काय? घरातील कोणाविषयी भीती, कोणाचा मार, कोणाचा नकोसा स्पर्श यांचा उल्लेख वहीत किंवा बोलण्यात कोठेही आला, तर मात्र ही गोष्ट कल्पनेच्या खेळाची राहत नाही आणि तेव्हा क्षणाचाही विलंब करू नये. 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी त्यासाठीच आहे.

स्पष्टवक्ता

सर्वांनी कौतुकच करायचे ठरवलेले दिसते, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. मुलांना मॉल दाखवून आपणच त्यांच्या डोक्यात चकचकाट भरतो आणि मग त्यांना स्वतःचे घर लहान वाटू लागते. आमच्या लहानपणी सिद्धेश्वर तलावाची पाळ आणि भुईकोट किल्ल्याची तटबंदी एवढेच फिरायचे ठिकाण होते. तिथे राहावे असे काही कोणाच्या मनात आले नाही. वही काढून घ्या आणि सहा महिने मॉल बंद करा. उधारीचे म्हणाल, तर न विचारता घेतलेल्या वस्तूला उधारी म्हणत नाहीत, एवढे तरी तिला आजच समजावले पाहिजे.

रात्रपाळी

मी मूळचा अशोक चौकातला. सध्या पुण्यातील एका मॉलमध्ये, म्हणजे आपल्या मुलीने पाहिला तोच असे नाही, रात्रीच्या पाळीचा पर्यवेक्षक आहे. आपल्या मुलीच्या बेतात मला व्यावसायिक दृष्टीने फार रस वाटला, कारण तिने जेथे सुरुवात केली आहे तेथेच आमचे कामही सुरू होते.

दुकाने बंद झाली की प्रत्येक मजल्यावर दोन-दोन सुरक्षारक्षक फेरी मारतात. प्रसाधनगृहाचे प्रत्येक दार हाताने ढकलून उघडून पाहिले जाते. आतून कडी लावलेली असेल तर हाक मारली जाते आणि उत्तर आले नाही तर कडी बाहेरून उघडली जाते. त्यामुळे पाय वर घेऊन बसण्याची युक्ती, जी मी स्वतः लहानपणी शाळेत वापरली होती, ती इथे चालत नाही. कपड्यांच्या दुकानांत कपडे बदलण्याच्या खोल्या तपासल्या जातात. वाहनतळावर उरलेल्या गाड्यांचे क्रमांक नोंदवहीत लिहिले जातात. दुकानदार शटर लावून किल्ल्या मोहरबंद पिशवीत नियंत्रण कक्षात जमा करतात आणि सही करतात. मॉलमध्ये चित्रपटगृह असेल तर शेवटचा खेळ सुटेपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि त्या प्रेक्षकांना एकाच ठरावीक वाटेने खाली सोडले जाते.

मुलांची, आणि मोठ्यांचीही, समजूत असते की त्यानंतर मॉल रिकामा आणि शांत असतो. खरे तर तो दिवसापेक्षा अधिक गोंगाटाचा असतो. लादी घासण्याची यंत्रे फिरतात, मालाच्या लिफ्टने खोकी वर चढतात, नव्या दुकानांचे सुतारकाम गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून रात्रीच चालते, सरकत्या जिन्यांच्या पायऱ्या काढून आतील साखळ्यांना वंगण दिले जाते. अशा वेळी जिन्याच्या जागी उघडा खड्डा असतो. उलट्या दिशेने चढून पाहण्याचे कलम मुलीने त्यासाठी तरी रद्द करावे. ठरलेल्या रात्री खाद्यदालनात उंदीर-झुरळांसाठी औषध मारतात. वातानुकूलन बंद केलेले असते, त्यामुळे तासाभरात हवा कोंदट होते, आणि उन्हाळ्यात तर काचेच्या छताखालचा वरचा मजला आपल्या सोलापूरच्या पत्र्याच्या घरासारखा तापलेला राहतो. फर्निचरच्या दुकानातील पलंगाविषयी सांगायचे तर गादीवर बहुधा प्लॅस्टिकचे आवरण असते आणि त्यावर कूस बदलली की केवढा आवाज होतो, हे झोपून पाहिल्याशिवाय कळत नाही. (मी झोपून पाहिलेले नाही, हे वरिष्ठ वाचत असल्यास नमूद करतो.)

आता कामाचे बोलतो. मॉलमध्ये चुकामूक झालेली मुले आम्हाला जवळपास रोज सापडतात, आणि त्यांतील एकही मूल माझ्या आठवणीत बेत आखून लपलेले नव्हते. कोणी खेळण्यांच्या दुकानात रमलेले असते, कोणी गोल स्टँडवर लटकवलेल्या कपड्यांच्या आत बसलेले असते आणि आई हाका मारते तेव्हा त्याला तो लपाछपीचा डाव वाटतो. म्हणून मुलीला इतके पाठ करून द्या: आईचा आणि बाबांचा मोबाइल क्रमांक तोंडपाठ हवा, हरवल्यास जागेवरून हलायचे नाही किंवा जवळच्या बिलाच्या काउंटरवर जाऊन सांगायचे, ‘चल, तुझ्या आईकडे नेतो’ म्हणणाऱ्या कोणाबरोबरही इमारतीबाहेर पडायचे नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. संकटकाळी बाहेर पडण्याच्या दाराला आतून आडवी दांडी असते, तिला किल्ली लागत नाही, ती जोराने ढकलली की दार उघडते आणि भोंगा वाजतो. आत अडकलेल्या माणसासाठीच ते दार केलेले आहे.

‘स्पष्टवक्ता’ यांना नम्रपणे सांगतो की, वही काढून घेण्याऐवजी ही सर्व माहिती तिला द्यावी. जिला नकाशा काढता येतो, तिला चुकीचा नकाशा आवडत नाही.

उत्तरकसबा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बाईंच्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मी वही पुन्हा वाचली. या वेळी मात्र तिला विचारून वाचली. तिने आधी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी अट घातली की वही वाचताना मी तिच्यासमोर बसावे आणि मध्येच हसू नये.

पहिली गोष्ट, ती एकटी नाही. मला वाटले होते की ‘आ.’ हे अक्षर म्हणजे तिची एखादी मैत्रीण असावी. ते ‘आजी’चे ‘आ’ निघाले. सासूबाईंचे गुडघे गेली चार वर्षे दुखत आहेत आणि तीन मजले उतरून चढणे त्यांना जमत नसल्याने त्या सणावारालाच खाली येतात. नकाशात लिफ्टभोवती तीन वेळा लाल गोल काढलेला आहे आणि लिफ्टच्या शेजारच्या दुकानातील पलंग ‘आ.’साठी राखून ठेवलेला आहे.

दुसरी गोष्ट वाचून मला हसू आवरले नाही आणि अट मोडली. ‘इथे काय चांगले आहे’ या मथळ्याखाली खेळणी नाहीत, आइस्क्रीम नाही. पहिल्या क्रमांकावर लिहिले आहे, ‘रोज पाणी येते’. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. पाण्याच्या दिवशी ते पहाटे येवो की रात्री, सगळे घर उठते, पिंपे, घागरी, बादल्या भरल्या जातात, आणि तिच्याकडे भावाला मोटारीच्या वायरीपासून दूर धरून बसण्याचे काम असते. मॉलमध्ये तिने हात नळाखाली धरला आणि चावी न फिरवताच पाणी आले, हे तिने एका पूर्ण पानावर लिहिले आहे. दुसऱ्या क्रमांकावर ‘मे महिन्यातसुद्धा थंड’ आणि तिसऱ्या क्रमांकावर ‘हात लावू नको असे कोणी म्हणत नाही’ असे आहे. तिसऱ्याबद्दल मला शंका आहे, परंतु कदाचित आत्याने तसे म्हटले नसेल.

घरी परत केव्हा येते, असे विचारले तेव्हा ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत राहिली की जणू मीच चौथीत आहे. ‘रविवारी,’ ती म्हणाली. ‘रविवारी मॉलमध्ये फार गर्दी असते.’

गठ्ठेवाला

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा चादरी आणि टॉवेलांचा लहानसा कारखाना होता. आता तो मोठा भाऊ पाहतो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तयार चादरींचे गठ्ठे जेथे रचून ठेवत त्या खोलीत, भिंत आणि गठ्ठे यांच्यामध्ये, मी एक घर केले होते. सोलापुरी चादर हाताला जाडजूड आणि खरखरीत लागते, परंतु साठ-सत्तर चादरींच्या थप्पीत शिरून बसले की बाहेरच्या यंत्रमागांचा खडखडाट एकदम विहिरीतून आल्यासारखा लांबचा वाटू लागतो. माझ्या त्या घरात कडक भाकरीचे तुकडे, शेंगाचटणीची पुडी आणि विजेरी असे सामान होते. माझाही बेत कायमचे तिथेच राहण्याचा होता आणि तो मी गल्लीतल्या सर्व मुलांना सांगून ठेवला होता, केवळ मोठ्यांपासून तो गुप्त होता.

बेत कधीच अमलात आला नाही. परंतु एका शनिवारी दुपारी, बेत वगैरे काही मनात नसताना, मी तिथे नुसता झोपी गेलो. कामगारांनी नेहमीप्रमाणे कुलूप लावले. संध्याकाळी घरी शोधाशोध सुरू झाली, विहिरीत गळ टाकून झाला, वडील सायकलवरून स्टेशनपर्यंत जाऊन आले. रात्री नऊ-साडेनऊला माझ्या धाकट्या मित्राला घर कोठे आहे ते सांगितल्याचे आठवले आणि तो रडत-रडत आमच्या दारात आला. कुलूप उघडले तेव्हा मी गाढ झोपेत होतो. मला मार बसला नाही. आई मात्र पुढे कित्येक दिवस तिच्या हाताला लागेल इतक्याच अंतरावर मला बसवून घेत असे.

आपल्याला हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. मला सुचवायचे आहे ते असे की, धोका बेताचा नसून डुलकीचा आहे. लपण्याची जागा कोठे आहे हे निदान एका शहाण्या माणसाला ठाऊक असले पाहिजे. माझ्या बाबतीत तो शहाणा माणूस सहा वर्षांचा होता. आपल्या घरात तो मान सासूबाईंना द्यावा, कारण त्यांचा पलंग आधीच राखीव आहे.

नकाशानवीस

व्यवसायाने वास्तुरचनाकार असल्याने दोन गोष्टींची भर घालतो. मुलीला सांगण्यासारख्या आहेत.

आज आपण ज्याला मॉल म्हणतो, म्हणजे पूर्णपणे छताखाली आणि वातानुकूलित असलेला बाजार, त्याचा पहिला नमुना 1956 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एडायना येथे ‘साउथडेल’ या नावाने उघडला. त्याचे रचनाकार व्हिक्टर ग्रुएन हे मूळचे व्हिएन्नाचे होते आणि 1938 मध्ये नाझींमुळे त्यांना देश सोडावा लागला होता. मिनेसोटात थंडी हाडे गोठवणारी आणि उन्हाळा घामट असल्याने त्यांनी आत वर्षभर सुमारे 24 अंश तापमान राखले. परंतु त्यांच्या मूळ आराखड्यात नुसती दुकाने नव्हती. भोवती घरे, शाळा, दवाखाना, बाग आणि तळे असावे, लोकांनी तिथे पायी यावे, बसावे, एकमेकांना भेटावे, म्हणजे आपल्या व्हिएन्नासारखे एक गाव तिथे वसावे, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात दुकाने उभी राहिली आणि भोवती पसरले ते वाहनतळ. उतारवयात ग्रुएन यांनी या मॉलांशी आपले नाते नाकारले. तेव्हा मॉलमध्ये लोकांनी राहावे ही कल्पना आपल्या मुलीच्या आधी मॉलच्या जनकालाच, जवळपास त्याच अर्थाने, सुचली होती.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात ‘प्रॉव्हिडन्स प्लेस’ नावाचा मॉल 1999 मध्ये उघडला. 2003 मध्ये मायकेल टाऊनसेंड हे कलाकार आणि त्यांचे सात साथीदार यांनी त्या इमारतीच्या पोटात, रचनेतून उरलेली आणि कोणाच्याच उपयोगात नसलेली सुमारे 750 चौरस फुटांची जागा शोधून काढली. तेथे त्यांनी सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत आणि दार उभारले, सोफा, टेबल, दूरचित्रवाणी संच आणला, मॉलचीच वीज घेतली आणि 2007 मध्ये सुरक्षारक्षकांना सुगावा लागेपर्यंत, म्हणजे सुमारे चार वर्षे, ते तिथे अधूनमधून राहत होते. टाऊनसेंड यांना अनधिकृत प्रवेशाबद्दल न्यायालयात उभे राहावे लागले. कल्पना कोठून आली, तर त्यांच्या सांगण्यानुसार त्याच मॉलच्या रेडिओवरील जाहिरातीतून, ज्यात एक बाई ‘इथेच राहता आले तर किती छान’ अशा अर्थाचे उत्साहाने बोलत असे.

सोलापूरकरांना यातील एक तपशील जवळचा वाटेल. प्रॉव्हिडन्स हेही एके काळी कापड गिरण्यांचे शहर होते. तेथील एका जुन्या गिरणीच्या इमारतीत 1995 पासून कलाकार राहत आणि काम करत. ती इमारत पाडून त्या जागी दुकानांचे संकुल झाले. आपल्याकडे 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलचा भोंगा ऐकून घड्याळ लावणाऱ्या पिढीला, गिरणी गेली की माणसे कोठे राहतात, हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. तेथे कलाकारांची जागा बाजाराने घेतली, आणि पुढे काही कलाकारच बाजारात राहायला गेले. आपल्या मुलीची गोष्ट तशी नाही, परंतु तिच्या यादीतील पाणी, गारवा आणि लिफ्ट या तिन्ही गोष्टी घरात नसलेल्या आहेत, आणि त्या जेथे दिसल्या तेथे तिने घर काढले. ती दुःखी आहे असे मला तरी दिसत नाही. ती जागा बघत आहे, जशी आपण सगळे बघतो. आपण फक्त जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीकडे बघतो.

आणि हो, त्या आठ जणांच्या घरात सर्व काही होते, पण नळ नव्हता. प्रसाधनगृहासाठी त्यांना मॉलमध्येच यावे लागे. हे तिला अवश्य सांगा.

स्पष्टवक्ता

आजीच्या पलंगाचे वाचले. वही काढून घेण्याविषयीचे माझे म्हणणे मागे घेतो. उधारीविषयीचे कायम ठेवतो.

उत्तरकसबा

‘स्पष्टवक्ता’ यांचे उधारीविषयीचे म्हणणे मी तिला वाचून दाखवले. तिने थोडा वेळ विचार करून शेवटच्या पानावरील ‘उधारी’ हा शब्द खोडला आणि त्या जागी ‘घरून डबा’ असे लिहिले. डबा रोज पोचवणार कोण, हे अद्याप ठरलेले नाही. तिच्या बाबांकडे पाहत ती गप्प बसली.

‘रात्रपाळी’ यांची माहिती मात्र तिने तीनदा वाचायला लावली. आडव्या दांडीचे दार तिने नकाशात हिरव्या रंगाने दाखवले आहे. सरकत्या जिन्याजवळ ‘रात्री खड्डा’ असे लिहिले आहे. लादी घासणाऱ्या काकांसाठी एक खोली दिली आहे आणि औषध मारण्याची रात्र आजीला आधी कळवायची, असेही टिपले आहे. आमचे दोघींचे असे ठरले आहे की घरात माळ्यावरील अर्धा भाग तिचा राहील, तेथे मी न विचारता चढणार नाही आणि ती तेथे आहे हे सासूबाईंना नेहमी ठाऊक असेल. माळ्यावरील पिंपे आम्ही एका बाजूला सरकवली. तिने तेथे जुनी चादर आडवी बांधून पडदा केला आहे आणि त्यावर ‘दुसरा मजला’ अशी पाटी लावली आहे. गड्ड्याला जाताना दोन्ही मोबाइल क्रमांक तिच्याकडून म्हणवून घेतले. तिने ते उलट क्रमानेही म्हणून दाखवले.

मोबाइलचे तिचे उत्तर समाधानकारक असले, तरी तिचा स्वतःचा एक प्रश्न शिल्लक आहे आणि तो मी तिच्याच शब्दांत ‘रात्रपाळी’ यांना विचारते. मॉलमध्ये एवढे पाणी येते कोठून? तिकडे पाण्याचा दिवस कोणता?

रात्रपाळी

तिला सांगा की प्रश्न अगदी बरोबर आहे आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने तो विचारलेला नाही. इमारतीच्या तळघरात पाण्याच्या मोठमोठ्या टाक्या आहेत, तेथून पंपाने पाणी गच्चीवर चढते आणि मग नळांना उतरते. हात धुतलेले पाणीही वाया जात नाही, ते शुद्ध करून संडासाच्या टाक्यांना आणि झाडांना वापरतात. मार्चपासून पुढे मात्र नळाचे पाणी पुरत नाही. मग रात्री दोन-अडीचच्या सुमारास मागच्या फाटकाने टँकर येतात, एकामागून एक, आणि पाइप जोडून टाकीत पाणी सोडेपर्यंत आमच्यातील एक जण तेथे उभा राहतो. गेल्या उन्हाळ्यात बहुतेक रात्री तो मीच होतो.

उत्तरकसबा

तिने ऐकले. बराच वेळ काही बोलली नाही. मग तळघराच्या पानावर मागचे फाटक काढून त्यापुढे चार टँकर काढले आणि रांगेत सर्वांत पुढे, दोन घागरी घेऊन, मला उभे केले आहे.